रुग्णाचा मृत्यू, तरुण डॉक्टर आणि उपेक्षा

मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आपल्या विहारात येणाऱ्या लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. मेत्ता म्हणजे मैत्री, करुणा म्हणजे दुःखितांविषयीचा कळवळा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे. इथपर्यंत सांगणाऱ्यालाही अडचण येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. चौथ्या शब्दापाशी मात्र दोघेही अडखळतात. रोजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. आपला समाज तर पिढ्यान्‌पिढ्या ‘उपेक्षित’ या नावानेच ओळखला गेला. ज्या गोष्टीचे चटके आपण सोसले, तीच गोष्ट धम्मात सद्गुण कशी ठरते?

काही काळापूर्वी रविवारच्या वंदनेनंतर विहारात हीच चर्चा चालू होती. तेव्हा आमच्या वस्तीतील एका मुलाने उभे राहून विचारले, “काका, वॉर्डात सिनियर सांगतात की मन घट्ट कर, पेशंट जायचेच, तू पुढची खाट बघ. हीच उपेक्षा ना? मग मला ती का जमत नाही?” हा मुलगा एम.बी.बी.एस.ची शेवटची परीक्षा पास होऊन इंटर्नशिप करीत होता. त्याच्या घराण्यातलाच नव्हे, तर आमच्या चाळीतलाही तो पहिला डॉक्टर. सभेत कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. सभा संपल्यावर तो आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बँकेच्या परीक्षेला वयाची अट किती असते हो?”

मग हळूहळू सारे बाहेर आले. आठवड्यापूर्वी त्याच्या रात्रपाळीत एक म्हातारी बाई गेली. अकरा दिवस ती त्याला ‘लेकरा’ म्हणून हाक मारीत होती. त्याने तिच्या छातीवर दाब दिला, नळी घालणाऱ्या सिनियरला मदत केली, पण काही उपयोग झाला नाही. मग त्यानेच कागद भरले. पहाटे तिची मुलगी गावाहून आली, तेव्हा जिन्यात उभ्याउभ्या दोन वाक्यांत त्याने तिला बातमी सांगितली, कारण खाली दुसरा रुग्ण आला होता. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, “आई रात्री जेवली होती का?” त्याला ते ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “काका, मला तिचं बी.पी. पाठ होतं. ती जेवली का, हे मी विचारलंच नव्हतं.”

आम्ही पडलो बँकेतले कारकून, शिक्षणाने कला शाखेचे. वैद्यकशास्त्रात आम्हांस गती नाही. तरीही त्या मुलाचा प्रश्न मनातून जाईना. म्हणून मिळेल ते वाचले, दोन-चार डॉक्टरांना विचारले आणि धम्मग्रंथ पुन्हा उघडले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते समितीच्या सभासदांपुढे, आणि विशेषतः मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहोत.

१. अभ्यासक्रमातला मृत्यू आणि वॉर्डातला मृत्यू

आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. मृत्यूशी गाठ पहिल्याच वर्षी पडते. शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात अठरा-एकोणीस वर्षांची मुले मृतदेहापुढे उभी राहतात. कोणाला घेरी येते, कोणी उगाच थट्टा करतो, कोणी दोन दिवस जेवत नाही. पुढे सवय होते. पण तो मृतदेह विद्यार्थ्याशी कधी बोललेला नसतो. वॉर्डातला रुग्ण बोललेला असतो, नावाने हाक मारलेला असतो. म्हणून पहिला मृत्यू विच्छेदनगृहातला नव्हे, वॉर्डातला असतो.

मृत्यू झाला हे ठरवायचे कसे, याचे शिक्षण व्यवस्थित दिले जाते. नाडी पाहायची, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके आणि श्वास ऐकायचे, बाहुल्यांवर उजेड टाकून त्या आकुंचन पावतात का ते बघायचे, हृदयाच्या आलेखाची सरळ रेषा काढून घ्यायची. मग वेळ लिहायची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे रुग्णालयातील मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४ वर द्यायचा. हे सारे कागदावर आहे. त्या वेळी डॉक्टरच्या स्वतःच्या छातीत जे होते त्याचे काय करायचे, हे मात्र फार काळ कोणत्याच कागदावर नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ पासून लागू केलेल्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ घातले. मृतदेह हा आपला पहिला शिक्षक होय, असा एक पाठ त्यात आहे आणि मृत्यूला सामोरे जाण्याचाही एक पाठ आहे. ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु रात्री तीन वाजता, पन्नास खाटांच्या वॉर्डात, पाठापेक्षा सिनियरचे वागणे जास्त शिकवते. सिनियर चादर ओढून पुढे गेला तर ज्युनियरही पुढे जातो.

समाजशास्त्रज्ञांनी हे शिक्षण बारकाईने पाहिले आहे. अमेरिकेतील रेनी फॉक्स आणि हॅरॉल्ड लीफ यांनी १९६३ मध्ये विद्यार्थ्यांच्या या घडणीवर लिहिले. रुग्णाची काळजीही असावी आणि त्याच्यापासून थोडे अंतरही असावे, असा तोल विद्यार्थी विच्छेदनापासून वॉर्डापर्यंत टप्प्याटप्प्याने शिकतो, असे त्यांनी दाखविले. काळजी कमी पडली तर रुग्ण निव्वळ ‘केस’ होतो, अंतर कमी पडले तर डॉक्टरचा हात थरथरतो. पुढे २००९ मध्ये फिलाडेल्फिया येथील जेफरसन मेडिकल कॉलेजातील विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थी ज्या वर्षी पुस्तके सोडून प्रत्यक्ष रुग्णांत येतात, नेमक्या त्याच तिसऱ्या वर्षी त्यांची सहानुभूती घसरते, असे त्यात आढळले. रुग्णाजवळ गेल्यावर सहानुभूती वाढायला हवी, तिथेच ती आटते!

हे वाचून आम्ही डॉक्टरांना नावे ठेवणार होतो, पण आमचे आम्हांलाच आठवले. बँकेत एखादी बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरवर येते. आम्ही दाखला बघतो, वारसाचे नाव बघतो, खात्यावर ‘मयत’ अशी नोंद करतो आणि “पुढचे कोण?” म्हणून विचारतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशा बाईकडे बघून आम्हांला घास गिळवत नसे. आता चहाही थंड होत नाही. आम्ही वाईट झालो असे नव्हे. रांग मोठी होती आणि मन वाचवायचे होते. डॉक्टरची रांग तर आमच्यापेक्षा मोठी आणि कठीण आहे.

२. दोन जवळचे शत्रू

आता धम्माकडे वळू. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ब्रह्मविहारांचे विवेचन करताना प्रत्येकाचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू सहज ओळखू येतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. जवळचा शत्रू मात्र सद्गुणाचाच वेष घेऊन येतो, म्हणून तो अधिक घातक असतो. करुणेचा जवळचा शत्रू म्हणजे शोक, दुःखात बुडून जाणे. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला इथे सापडले. मन घट्ट कर असे सांगणारा सिनियर ज्याला उपेक्षा समजतो ती बेफिकिरी आहे. आणि आपल्याला उपेक्षा जमत नाही म्हणून तो मुलगा ज्यात बुडत होता, तो शोक आहे. बेफिकीर डॉक्टर चादर ओढून निघून जातो, शोकात बुडालेला डॉक्टर बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरतो. दोघांच्याही हातून पुढचा रुग्ण सुटतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दहा पारमिता सांगताना उपेक्षेचा अर्थ अगदी स्वच्छ केला आहे. उपेक्षा म्हणजे अनासक्ती, ती औदासीन्याहून वेगळी आहे, हा भेद त्यांनी मुद्दाम दाखविला. फळ काय मिळेल याने मन ढळू द्यायचे नाही आणि तरीही त्या फळासाठी झटत राहायचे, हा तिचा आशय. डॉक्टरच्या कामाचे याहून नेमके वर्णन आम्हांस इतरत्र आढळले नाही. रुग्ण वाचेलच असे नाही हे ठाऊक असूनही पूर्ण ताकदीने झटणे, आणि तो वाचला नाही तरी पुढच्या खाटेपाशी तेच हात स्थिर ठेवणे.

पाश्चात्त्य वैद्यकातही हा विचार जुना आहे. सर विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांना आधुनिक वैद्यकशिक्षणाच्या शिल्पकारांत गणले जाते. १ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नव्या डॉक्टरांना निरोप देताना त्यांनी मनाच्या समतोलावर भाषण केले. ‘एक्वॅनिमिटास’ हे त्या भाषणाचे नाव. या लॅटिन शब्दाचा अर्थ समचित्तता, म्हणजे आपल्या उपेक्षेच्या अगदी शेजारचाच शब्द. डॉक्टरने संकटात शांत राहावे, चेहरा ढळू देऊ नये, असे त्यांनी सांगितले. पण त्याच भाषणात, हे साधताना हृदय दगडाचे होऊ देऊ नका, असाही इशारा दिला. पुष्कळांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे विसरले. १९१७ साली पहिल्या महायुद्धात ऑस्लरांचा तरुण मुलगा रिव्हिअर मारला गेला आणि ते पार खचले. समचित्ततेचा आचार्य मुलासाठी रडला म्हणून त्याची शिकवण खोटी ठरत नाही. समचित्तता म्हणजे अश्रू नसणे नव्हे, एवढेच त्यावरून कळते.

३. करुणेने माणूस थकतो काय?

पुष्कळ डॉक्टर सांगतात की प्रत्येकाचे दुःख मनाला लावून घेतले तर आपण महिनाभरही टिकणार नाही. हे खोटे नाही. पण थकविते ते काय? जर्मनीतील लाइपझिग येथे तानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी या प्रश्नावर प्रयोग केले, भिक्खू माथ्यू रिकार यांनीही या संशोधनात सहकार्य केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना आधी दुसऱ्याचे दुःख स्वतःत अनुभवण्याचा सराव दिला. त्याने त्यांच्या मनातली पीडा वाढली. नंतर त्यांनाच मेत्ता-भावनेच्या धर्तीवर करुणेचा सराव दिला. समोरचे दुःख तेच राहिले, पण पीडा कमी झाली आणि मनात ऊब व बळ आले. मेंदूतील कार्यही दोन्ही वेळी वेगवेगळ्या जागी दिसले.

म्हणजे बुद्धघोषांचा भेद प्रयोगशाळेतही टिकला. थकविते ते दुःखात बुडणे, करुणा नव्हे. “तुझे दुःख मला होते आहे” इथेच थांबलेला माणूस बुडतो. “तुझ्यासाठी मी काय करू?” एवढे पुढचे पाऊल टाकणारा तरतो. आणि हे पुढचे पाऊल सरावाने शिकता येते. आपण विहारात बसून मेत्ता-भावना करतो ती निव्वळ परंपरा म्हणून नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.

४. दाराशी रडणारा आनंद

आता एक प्रसंग सांगतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात तो आला आहे. तथागत कुशीनारा येथे शेवटच्या शय्येवर होते. पंचवीस वर्षे त्यांची सेवा करणारा आनंद जवळपास दिसेना. तथागतांनी विचारले, आनंद कुठे आहे? भिक्खूंनी सांगितले की तो आत जाऊन दाराला टेकून रडतो आहे. आपण अजून शिकाऊच आहोत आणि आपल्यावर दया करणारा शास्ता तर चालला, असे म्हणून तो रडत होता.

या ठिकाणी शिकाऊ या अर्थी पालीत ‘सेख’ हा शब्द आहे, ज्याचे शिक्षण अजून चालू आहे असा. आनंद म्हणजे मृत्युशय्येपाशी सेवा करणारा शिकाऊ माणूस. आपल्या इंटर्नची जागा नेमकी हीच.

तथागतांनी काय केले? ते स्वतः अखेरच्या घडीला होते. रडतो तर रडू द्या, असे ते म्हणाले नाहीत. रडणाऱ्याला लाज वाटावी असेही काही बोलले नाहीत. त्यांनी निरोप पाठवून आनंदला बोलावून घेतले आणि जवळ बसविले. जे जन्मले ते नष्ट होणार हे आपण तुला पूर्वीच सांगितले होते, याची आठवण दिली. मग त्याने कायेने, वाचेने आणि मनाने मैत्रीपूर्वक जी दीर्घकाळ सेवा केली तिचे कौतुक केले. असाच प्रयत्न करीत राहा, तूही लवकरच मुक्त होशील, असा भरवसा दिला. त्यानंतर सर्व भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगितले. हाच आनंद पुढे अर्हत झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्याच्याच मुखातून सुत्ते सांगितली गेली.

या प्रसंगात शिक्षणाचा पूर्ण क्रम आहे. कोण दिसत नाही याची विचारपूस करणे, त्याला बोलावून घेणे, सत्य सांगणे, त्याने केलेल्या सेवेची नोंद घेणे आणि पुढचे काम देणे. दाराशी रडणाऱ्याला दाराशीच सोडू नये. वॉर्डातल्या प्रत्येक वरिष्ठ डॉक्टरने एवढे केले, तर आमच्या वस्तीतल्या मुलाला बँकेची चौकशी करावी लागणार नाही.

५. माझे चुकले काय?

रुग्ण गेल्यावर तरुण डॉक्टरच्या मनात हाच प्रश्न रात्रभर फिरतो. अंगुत्तरनिकायात तथागतांनी तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. एक, औषध-शुश्रूषा मिळो वा न मिळो, जो बरा होतोच. दुसरा, सारे मिळूनही जो बरा होत नाही. तिसरा, जो मिळाले तरच बरा होतो. या तिसऱ्यासाठी औषध आणि शुश्रूषा ठरवून दिली आहे, आणि त्याच्याच कारणाने बाकीच्या दोघांचीही शुश्रूषा करावयाची आहे. आधी पाहून कोण कोणता हे सांगता येत नाही, म्हणून सेवा तिघांची. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण गेला म्हणून सेवा वाया गेली असे होत नाही.

मात्र याचा अर्थ चुका झाकाव्यात असा नव्हे. चांगल्या रुग्णालयांत मृत्यूंच्या आढाव्याची बैठक भरते. केव्हा काय दिसले, काय केले, काय करायचे राहिले, हे सर्वांसमोर मांडले जाते. हेतू दोषी शोधण्याचा नव्हे, तर पुढचा तिसऱ्या प्रकारचा रुग्ण वाचविण्याचा असतो. प्रत्येक मृत्यू स्वतःच्या माथी घेणे जसे चूक, तसेच प्रत्येक मृत्यू नियतीच्या माथी मारणेही चूक. धम्म कारण-परिणामाचा आहे, कारण तपासण्याची त्याला भीती नाही.

६. शिकण्याच्या काही रीती

मृत्यूला सामोरे जाणे शिकविता येते हे अनेकांनी दाखवून दिले आहे. त्यांतील काही रीती विद्यार्थ्यांना ठाऊक असाव्यात.

(अ) मरणाऱ्याकडून शिकणे : झुरिकला जन्मलेल्या डॉ. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६५ च्या सुमारास शिकागो येथे मृत्यूच्या वाटेवरील रुग्णांना विद्यार्थ्यांपुढे बोलते केले. तुम्हाला काय वाटते, हे त्यांना कोणी विचारीतच नसे. त्यांच्या १९६९ च्या पुस्तकातील नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था प्रसिद्ध आहेत. प्रत्येक जण त्या क्रमाने जातोच असे मात्र समजू नये. खरी शिकवण अशी की खाटेजवळ बसा आणि ऐका.

(आ) वाईट बातमी सांगण्याची रीत : २००० साली कर्करोगतज्ज्ञांनी यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत प्रसिद्ध केली. निवांत जागा पाहून बसणे, समोरच्याला आधी काय माहीत आहे ते विचारणे, किती ऐकायचे आहे ते विचारणे, मग सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगणे, त्याच्या भावनेला वेळ देणे, शेवटी पुढे काय करायचे ते मिळून ठरविणे. जिन्यात दोन वाक्यांत सांगितलेली बातमी सांगणाऱ्यालाही पुढे कित्येक वर्षे छळते.

(इ) बोलण्याची जागा : मूळचे बुडापेस्टचे मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. तिथे डॉक्टर रोगाविषयी नव्हे, तर रुग्णाने आपल्या मनात काय ढवळले त्याविषयी बोलतात. बॉस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. शुश्रूषा करणाऱ्यांच्या मायेच्या वागण्याने आपल्याला धीर आला, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांच्या नावाने १९९७ पासून डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी एकत्र बसून मनातले बोलतात, अशा बैठका सुरू झाल्या आणि पुढे अनेक देशांत पसरल्या.

(ई) क्षणभर थांबणे : अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील जोनाथन बार्टल्स या परिचारकाने एक साधी रीत घालून दिली. प्रयत्न थांबले की सर्वांनी मृताच्या खाटेभोवती मिनिटभर शांत उभे राहायचे. हा कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई होती, आणि आपण सर्वांनी प्रयत्न केले, एवढे मनात आणायचे. मग पुढच्या कामाला लागायचे. आपण शोकसभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो, त्यातलेच हे. एक मिनिट कोणत्याही वॉर्डाला परवडते.

(उ) बरे करता येत नाही तिथेही काम आहे हे शिकणे : डेम सिसिली सॉंडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर. मरणाऱ्याची वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, कुटुंबाची आणि जगण्याच्या अर्थाचीही असते, असे त्यांनी सांगितले आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उभारले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना हे देशातील अशा प्रकारचे पहिले केंद्र सुरू झाले. केरळात कोझिकोडे येथे १९९३ पासून वेदनाशामक सेवेची चळवळ उभी राहिली आणि तिचा भार गावोगावच्या सामान्य स्वयंसेवकांनी उचलला. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते, २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी सुकर झाली. ज्या तरुण डॉक्टरने अशा ठिकाणी काही दिवस काम केले, त्याला “आता करण्यासारखे काही नाही” हे वाक्य खोटे आहे हे कळते. वेदना उतरविता येते, तोंड ओले करता येते, हात धरता येतो.

आणि जेवली का, हे विचारता येते. विनयपिटकातील महावग्गात उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न बाळगणे आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने वेळोवेळी धीर देणे. त्याच ठिकाणी तो प्रसिद्ध प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूवर तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश तथागतांनी त्या वेळी केला. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात तथागतांच्या मानवतेचे वर्णन करताना त्यांच्या रुग्णसेवेला स्वतंत्र स्थान दिले आहे. दाराशी रडलेला आनंद तो हाच, हे विसरू नये. हात घाणीत घालणाराच पुढे रडला, आणि रडला म्हणून त्याची सेवा उणी ठरली नाही.

७. आपले काम

हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. आपण सारे कधी ना कधी रुग्णाचे नातेवाईक असतो. मृत्यूनंतर डॉक्टरवर हात उगारण्याचे प्रकार वाढले म्हणून महाराष्ट्रात २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तक्रार असेल तर ती लेखी करावी, चौकशी मागावी, तो आपला हक्क आहे. पण पंचवीस वर्षांच्या पोराची कॉलर धरून मृत्यू परत फिरत नाही. उलट तो पोरगा उद्यापासून नातेवाइकांशी बोलणेच टाळतो, आणि त्याचे मन घट्ट होण्यात आपलाही हात लागतो.

आपल्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. ज्यांच्या घरी आजोबा, वडील डॉक्टर असतात त्यांची मुले रात्री जेवताना ‘आज पेशंट गेला’ असे म्हणू शकतात, आणि कोणीतरी ‘माझाही पहिला असाच गेला’ असे सांगणारे असते. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी डॉक्टर होणारी ही पहिलीच पिढी. आई-वडिलांनी रक्ताचे पाणी करून शिकविलेले, त्यांच्यापुढे रडावे कसे? वसतिगृहात बोलावे तर दुबळा ठरण्याची भीती. म्हणून तो एकटा पडतो. त्यासाठी समितीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

१) आपल्या भागातील ज्येष्ठ डॉक्टर व परिचारिका यांनी महिन्यातून एक रविवार विहारात मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसोबत बसावे. भाषण नको, त्यांचे ऐकून घ्यावे.

२) मेत्ता-भावनेचा वर्ग परीक्षेच्या काळापुरता न ठेवता वर्षभर चालवावा.

३) ज्या घरी मृत्यू झाला त्या घरच्यांनी, डॉक्टरने मनापासून प्रयत्न केले असतील तर, चार दिवसांनी जाऊन त्याला तसे सांगावे. एवढ्या दोन शब्दांनी एखादा डॉक्टर टिकून राहतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगणे. पहिला रुग्ण गेल्यावर डोळ्यांत पाणी आले तर आपण डॉक्टर होण्यास नालायक आहोत असे समजू नका. दहाव्या रुग्णाला पाणी आले नाही तर आपण दगड झालो असेही समजू नका. मात्र दोन्ही वेळी कोणाशी तरी बोला. आपण तिघांपैकी कोणत्या रुग्णाशी झगडत होतो ते शांतपणे तपासा. मग हात धुऊन पुढच्या खाटेपाशी जा.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलाला वयाची अट आम्ही सांगितली नाही, विहारातला तो आनंदाचा प्रसंग वाचून दाखविला. ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. त्याची इंटर्नशिप पुढे पूर्ण झाली. मृत्यू आजही त्याला चटका लावतात, असे तो सांगतो. पण आता बातमी सांगताना तो खुर्ची ओढून बसतो, आणि रात्रीच्या फेरीत बी.पी. पाहून झाले की प्रत्येक खाटेपाशी विचारतो, “आजी, जेवलात का?”

नमो बुद्धाय! जय भीम!